बी कोणाच्या हातात? लालबागमधल्या एका दत्तक कॉन्युरची पूर्ण केस

पक्षी ग्रीन चीक्ड कॉन्युर, म्हणजे छोट्या पोपटाची एक परदेशी जात, आपल्याकडे दुकानदार ज्याला पायनॅपल म्हणून विकतात त्या रंगाचा, वय साधारण चार वर्षं, नाव किवी. घर लालबागमधल्या जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, वन रूम किचन, माणसं चार: आजी, त्यांचा मुलगा, सून आणि सहावीतली नात. आधीचे मालक परदेशी निघाले म्हणून पिंजऱ्यासकट पक्षी या घरात आला, सोबत सूर्यफुलाच्या बियांची मोठी पिशवी आणि "हा सगळं खातो हो" एवढी एकच माहिती.

मी दादरला राहते, घरी बरीच वर्षं पक्षी आहेत, आणि कोणी पक्षी दत्तक घेतला की ओळखीओळखीतून फोन येतात तसा यांचाही आला. तक्रारी तीन होत्या. ओरडतो, चावतो, आणि बियांशिवाय कशाला तोंड लावत नाही. घरच्यांना ह्या तीन वेगवेगळ्या गोष्टी वाटत होत्या, ओरडण्यावर एक उपाय, चावण्यावर दुसरा, खाण्यावर तिसरा असं काहीतरी मी सांगेन अशी अपेक्षा होती. ही केस एवढी सविस्तर लिहायचं कारण हेच की तिन्हींचं मूळ एकच निघालं, सूर्यफुलाची बी कधी मिळते आणि कशाबद्दल मिळते, आणि ते एकदा जागेवर आलं की बाकीचं हळूहळू सुटत गेलं.

आधी कागदपत्रांचं सांगते कारण आजींचा पहिलाच प्रश्न तो होता. त्यांच्या लहानपणी कोकणात घरी पोपट होता, मग आता काय झालं? आपला हिरवा पोपट, लाल कंठाचा, तो घरात ठेवायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, मग तो कोणी कितीही प्रेमाने वाढवलेला असो. कॉन्युर दक्षिण अमेरिकेतला, बोलिव्हिया, ब्राझील, पॅराग्वे, अर्जेंटिना या भागातल्या जंगलांतला, तो पाळता येतो, पण 2024 च्या नियमांनुसार त्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते आणि पक्षी दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं. आधीच्या मालकांनी नोंदणी केलेली होती, त्यामुळे ते जायच्या आधी ट्रान्सफरचं सगळं करून घेता आलं. पक्षी दत्तक घेताना हे समोरचा माणूस मुंबईत असतानाच उरका, नंतर फोनवर फोन करत बसावं लागतं.

घरात बसून नुसतं बघितलं तेव्हा काय दिसलं

मी पहिल्यांदा गेले तेव्हा पक्ष्याच्या जवळ गेलेच नाही. बाकड्यावर बसून चहा घेतला आणि घरात काय चालतं ते बघत राहिले. पिंजरा हॉलमध्ये गॅलरीच्या दाराशी, आजींच्या कॉटजवळ. त्यात जेवणाची वाटी काठोकाठ भरलेली, म्हणजे वरवर तशी दिसत होती, पण फुंकर मारली तर वरची सगळी टरफलं उडाली आणि खाली बिया अर्ध्याच होत्या. हे खूप घरांत होतं, टरफलं बघून वाटतं वाटी भरलेली आहे आणि पक्षी उपाशी राहतो, म्हणून हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, चपला काढल्या, आणि किवीने जो काही सूर लावला! आतून सून ओरडली, "ए गप्प बस!" नात म्हणाली, "किवी, नो!" आणि आजींनी कॉटवरूनच हात लांब करून जाळीतून एक बी दिली. पक्षी गप्प. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ, मला ऐकतो तो."

आजींचं निरीक्षण बरोबर होतं, तो खरंच गप्प व्हायचा. पण पक्ष्याच्या बाजूने बघा. तो ओरडला, घरातली सगळी माणसं त्याच्याशी बोलली, आणि वर त्याला सगळ्यात आवडती वस्तू मिळाली. उद्या तो काय करेल? चावण्याचंही तसंच. सून पाण्याची वाटी बदलायला हात आत घालायची, तो चोच उघडून अंगावर यायचा, ती हात मागे घ्यायची, आणि मग त्याला शांत करायला आजी परत बी द्यायच्या. म्हणजे या घरात ट्रेनिंग रोज चालूच होतं, दिवसातून कितीतरी वेळा, आणि किवी अतिशय हुशार विद्यार्थी होता.

हे मी आजींना सांगताना फार जपून सांगितलं, कारण घरात दिवसभर त्याच्यासोबत त्याच असतात आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त जीवही त्यांचाच. मी म्हटलं, आजी, तुमच्या हातात एवढी ताकद आहे की एका बीवर तुम्ही त्याला ओरडायला शिकवलंत, तर त्याच बीवर दुसरं पण शिकवता येईल की. हे त्यांना पटलं. नंतरच्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात नेमाने काम कोणी केलं असेल तर आजींनी.

डॉक्टर

कुठल्याही दत्तक पक्ष्याला आधी डॉक्टरांकडे न्यायचं, तब्येतीचं बघितल्याशिवाय ट्रेनिंगला हात लावायचा नाही, कारण अंग दुखत असलेला पक्षीही चावतो. आणि कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर वेगळे, पक्ष्यांचं रोज बघणारे वेगळे, मुंबईत असे डॉक्टर आहेत, परळ-दादर भागात विचारलं तर नाव मिळतं.

वजन निघालं 74 ग्रॅम. या जातीचं वजन साधारण 60 ते 80 ग्रॅममध्ये असतं, त्यामुळे आकडा ठीक, पण छातीवर हात लावून डॉक्टर म्हणाले की चरबी आहे, स्नायू कमी आहेत. चोच थोडी लांब आणि वरून पापुद्रे सुटल्यासारखी, ते बघून लिव्हरचा संशय, रक्त तपासलं, तर लिव्हरवर ताण होताच. तोंडाच्या आत टाळूला जे बारीक काट्यासारखे उंचवटे असतात ते झिजून बोथट झालेले, हे ए जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं लक्षण. सगळं त्या पिशवीतून आलेलं. सूर्यफुलाच्या सोललेल्या दाण्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास तेल असतं, कॅल्शियम कमी, ए जीवनसत्त्व तर नाहीच म्हणा. जंगलात तो पक्षी दिवसभर मैलोन्मैल उडतो आणि फळं, फुलं, बिया, कोंब असं शंभर तऱ्हेचं खातो, आपल्याकडे दोन फुटाच्या पिंजऱ्यात बसून फक्त तेल.

विष्ठेची एक तपासणी पण झाली, सिटॅकोसिससाठी. हा जिवाणूचा आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला होतो, ताप, खोकला, न्यूमोनियासारखं, आणि घरात सत्तरीच्या पुढच्या आजी असताना ही टेस्ट टाळायची नाही असं माझं ठाम मत आहे. ती निगेटिव्ह आली. पिशवीतल्या बिया डॉक्टरांनी हुंगल्या आणि टाकून द्या म्हणाले, जुलै महिना, उघडी पिशवी, कुबट वास येत होता. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत बिया आणि त्याहून जास्त शेंगदाणे यांना बुरशी धरते आणि त्या बुरशीचं विष पक्ष्याच्या लिव्हरला फार वाईट. तेव्हापासून बिया थोड्याच आणायच्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये.

मधला धक्का

डॉक्टरांनी पेलेट सुरू करायला सांगितले होते, हळूहळू. पेलेट म्हणजे धान्यं, जीवनसत्त्वं वगैरे एकत्र करून बनवलेले छोटे गोळे, ज्यात पक्ष्याला आवडीचं तेवढं निवडून खाता येत नाही. आता मुलाने कुठेतरी व्हिडिओ बघितला की बिया एकदम बंद करा, भूक लागली की झक मारत खातो, आणि त्याने तसं केलं. वाटीत फक्त पेलेट. घरच्यांना वाटलं खातोय, कारण वाटीशी जाऊन चोच मारत होता, भुगा पण पडलेला दिसत होता. तो खात नव्हता, चावून टाकत होता.

दुसऱ्या दिवशी रात्री सुनेने फोन केला की तो अंग फुगवून बसलाय आणि ओरडत नाहीये. ओरडत नाहीये हे ऐकूनच मला भीती वाटली. विष्ठेचा फोटो मागवला. पक्ष्याच्या विष्ठेत तीन भाग दिसायला हवेत, मधला घट्ट हिरवा किंवा तपकिरी भाग, त्यावर पांढरं, आणि भोवती थोडं पाणी. फोटोत कागदावर फक्त काळपट हिरवे बारीक ठिपके होते, म्हणजे पोटात काही जातच नव्हतं. वजन 67. छोट्या पक्ष्याच्या वजनात दहा टक्के घट हीच धोक्याची रेष, 74 चे दहा टक्के म्हणजे सातच्या थोडं वर, आणि आम्ही अगदी त्या रेषेवर उभे होतो.

त्याच क्षणी बिया परत दिल्या, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी रात्रभर ऊब ठेवायला सांगितली आणि सकाळी बघितलं. वाचला. पण हे इथे मुद्दाम लिहितेय, हा सल्ला खूप फिरतो आणि तो जीवघेणा आहे. चार वर्षं ज्याने एकच गोष्ट खाल्लीय त्याला पेलेट हे अन्न आहे हेच माहीत नसतं, त्याच्या समोर खडे ठेवल्यासारखं आहे ते. तो हट्ट करत नसतो.

या प्रकारातून एक चांगलं निघालं, वजनकाटा घरात आला. साधा किचनचा डिजिटल काटा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. रोज सकाळी, पहिली शी झाल्यावर आणि जेवणाच्या आधी वजन. सुरुवातीला झाकणाला भोकं पाडलेला एक प्लॅस्टिकचा डबा काट्यावर ठेवायचा, आत एक बी टाकायची, की तो आपण होऊन आत जायचा. नात वहीत आकडा लिहायची. तिची ती वही मी पाहिली आहे, बाजूला "आज भोपळा चाटला", "आज माझ्यावर रागावला नाही" अशा नोंदी, डॉक्टरांना पण ती वही फार उपयोगी पडली.

मग जेवण कसं बदललं

वेळापत्रक असं बसलं. सकाळी उठल्यावर पक्ष्याला भूक असते तेव्हा नवीन पदार्थ, म्हणजे भाजी आणि मोड, दोनेक तास. मग पेलेट दिवसभर. संध्याकाळी मोजून बिया, कमी कमी करत. वजन घसरलं की एक पाऊल मागे, कुठलीही घाई नाही. पेलेट पहिल्यांदा खलबत्त्यात कुटून त्याची पूड ओल्या मोडांवर भुरभुरली, म्हणजे चव ओळखीची झाली, मग भरड, मग अख्खे. याला महिने लागतात, काही पक्ष्यांना फार महिने.

भाजीसाठी लालबागच्या मंडईच्या बाहेर काही जावं लागलं नाही हे आजींना सगळ्यात आवडलं. लाल भोपळा वाफवून, गाजर किसून, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी, माठ, सिमला मिरची. शेवग्याचा पाला तर मी सगळ्यांना सांगते, ए जीवनसत्त्वासाठी परदेशी पावडरी कशाला हव्यात. पालक अधूनमधून चालतो, रोज नको, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. मूग-मटकीला मोड आणून, पण पावसाळ्यात ते नीट धुवून, वास घेऊन, चिकट लागले तर सरळ फेकायचे, आणि वाटीत दोन तासांच्या वर ठेवायचे नाहीत. राजमा, वाल वगैरे कच्चे कधीच नाही, पूर्ण शिजवूनच. फळ थोडं, पेरू, पपई, डाळिंब. कॅल्शियमसाठी समुद्रफेन जाळीला अडकवलं, ते आयुर्वेदिक सामानाच्या दुकानात पण मिळतं.

आजींची हिरवी मिरची मात्र राहिली, आणि राहू द्यावी असंच मी सांगितलं. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, त्या तिखट द्रव्याला त्यांच्या नसा प्रतिसाद देत नाहीत, आणि मिरचीत जीवनसत्त्वं भरपूर. बंद झालं ते चहात बुडवलेलं बिस्किट आणि दूध-पोळी. चहा-कॉफी, चॉकलेट पक्ष्याला विषारी, दूध त्यांना पचवता येत नाही, कांदा-लसूण आणि मिठाचे पदार्थ, वेफर्स, फरसाण, हे नाही, अवोकाडो तर अजिबात नाही, सफरचंद दिलं तर बिया काढून.

पण पदार्थ समोर ठेवून खाल्ला असं झालं नाही. भोपळ्याकडे तो कितीतरी दिवस बघायलाही तयार नव्हता. मार्ग नातीने काढला, खरं तर मी तिला एवढंच म्हटलं होतं की पोपट थव्यात राहतात, थवा खातो ते खायचं असं त्यांना वाटतं, तर तू त्याच्यासमोर खा. ती रोज संध्याकाळी वाफवलेल्या भोपळ्याची बशी घेऊन पिंजऱ्याशेजारी बसायची, त्याच्याकडे न बघता, एकेक फोड उचलून मम् मम् करत खायची. तो आधी लांब दांडीवर. मग मान वाकडी करून एका डोळ्याने बशीकडे. मग जाळीला लटकून, चोच बाहेर काढून. ती तरी देत नव्हती. शेवटी एकदा तिने एक फोड जाळीत खोचली आणि तोंड फिरवलं, त्याने ती ओढून घेतली, अर्धी खाली पाडली, अर्धी खाल्ली, आणि चोच दांडीला घासून साफ करताना सगळा पिंजरा केशरी करून टाकला. सुनेने साफ करताना एकदाही कुरकुर केली नाही.

बियांचं काय झालं ते महत्त्वाचं. जसजसं बाकीचं खाणं वाढलं तसतशा वाटीतल्या बिया कमी होत शेवटी वाटीतून पूर्ण गेल्या. घरातून गेल्या नाहीत. त्या आजींच्या कमरेच्या बटव्यात गेल्या. आता बी मिळायची ती फक्त हातातून आणि फक्त काहीतरी केल्याबद्दल. वाटीभर बिया समोर असताना कोणता पक्षी एका बीसाठी तुमचं ऐकेल? म्हणून मी म्हणते, ज्यांचा पक्षी ट्रीटला भाव देत नाही त्यांनी आधी वाटी बघावी.

शिकवणं

सुरुवात काहीही न करण्यापासून. पिंजऱ्याजवळून जाताना एक बी वाटीत टाकायची आणि पुढे निघून जायचं, थांबायचं नाही, बोलायचं नाही. याने एवढंच होतं की माणूस जवळ आला की चांगलं काहीतरी होतं हे त्याला कळतं. तोपर्यंत सगळ्यांनी त्याचं अंग वाचायला शिकायचं. पिसं अंगाला चिकटलेली, मान लांब, शरीर मागे गेलेलं, म्हणजे नको म्हणतोय. डोळ्यातली बाहुली भराभर लहान-मोठी होतेय आणि शेपटी पसरलीय, म्हणजे फार उत्तेजित आहे, आत्ता हात घातला तर चावणार. एका पायावर, पिसं सैल, चोच घासतोय, तेव्हा तो निवांत आहे. सून मला नंतर म्हणाली की हे कळल्यावर तिला तो चावलाच नाही, कारण चावण्याच्या आधी तो दहा वेळा सांगतो आणि आपण ऐकत नाही.

मग टार्गेट, म्हणजे काडीला चोच लावणं. कुल्फीची काडी धुवून घेतली. जाळीतून काडी दाखवायची, त्याने टोकाला चोच लावली की त्याच क्षणी "शाब्बास" आणि लगेच बी, तीही अर्धी. तो शब्द नेमक्या क्षणी यायला हवा, एक सेकंद उशीर झाला तर आपण दुसऱ्याच कशाला तरी शाब्बासकी देतो. हे टायमिंग पक्ष्यावर शिकू नये म्हणून आधी माणसांवर प्रॅक्टिस केली, नातीच्या बाबांनी बॉल टाकायचा आणि तो जमिनीला लागला त्या क्षणाला बाकीच्यांनी शाब्बास म्हणायचं, आजींचं टायमिंग सगळ्यात अचूक निघालं. सेशन पाच मिनिटांचं, दिवसातून दोनदा, जेवणाच्या आधी, आणि तो कंटाळायच्या आत थांबायचं.

काडी जिकडे तिकडे पक्षी, एवढं जमलं की निम्मं काम झालं. काडीच्या मागे तो पिंजऱ्याच्या दारापर्यंत आला, मग दाराबाहेर, मग एका पेरूच्या फांदीवर. हातावर लगेच बोलावलं नाही, कारण हात बघितला की तो आक्रसायचा, आधी त्याला टॉवेल टाकून पकडलं जात असावं असा माझा अंदाज. म्हणून "ये" म्हटलं की फांदीवर चढायचं हे आधी पक्कं केलं, मग फांदी धरणारा हात रोज थोडा थोडा पुढे सरकवला, शेवटी फांदी एवढीशी उरली आणि एक पाय बोटावर पडला. नको म्हणाला तर नको, पिंजऱ्यात परत जायची मोकळीक कायम. ही मोकळीक दिली की पक्षी जास्त येतो, हे मी माझ्या सगळ्या पक्ष्यांमध्ये पाहिलंय. कुरवाळायचं ते फक्त डोक्यावर आणि मानेवर, पाठीवर हात फिरवला की पक्ष्याला जोडीदाराचे संकेत मिळतात आणि मग तो एका माणसाला चिकटून बाकीच्यांना चावायला लागतो.

ओरडण्याला वेळ लागला. मुलगा घरी आल्यावरची ती हाक म्हणजे थव्यातल्यांची हजेरी असते, मी इथे आहे, तू कुठे आहेस. ती बंद करायला जाऊ नये, तिला उत्तर द्यावं. ठरलं असं की मुलाने जिन्यातूनच एक ठरावीक शीळ घालायची, आणि किवीने शीळेसारखा छोटा आवाज काढला की सगळ्यांनी प्रतिसाद द्यायचा, मोठ्याने किंचाळला तर कोणीही बघायचं नाही, बोलायचं नाही, रागवायचंही नाही. पण जुनी युक्ती चालेनाशी झाली की पक्षी ती आधी दुप्पट जोराने वापरून बघतो, आणि नेमकं तेव्हा घरचे हार मानतात. म्हणून मी सुनेला मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आधीच पाठवलं होतं की पुढचे काही दिवस आवाज वाढेल, थोडं सांभाळून घ्या. समोरच्या काकूंनी तर तिला उलट विचारलं, आम्ही पण शीळ घालायची का? काही दिवस खरंच वाईट गेले. मग उतरत गेलं.

यात झोपेचाही मोठा भाग होता. या पक्ष्याला दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते आणि हॉलमध्ये टीव्ही अकरापर्यंत. किचनमध्ये हलवायचा प्रश्नच नव्हता. मग झोपण्यापुरता एक छोटा पिंजरा घेतला आणि तो मोरीच्या बाजूच्या बोळातल्या कोपऱ्यात साडेसातला. झोप सुधारल्यावर सकाळची चिडचिड गेली.

दिवसभर रिकामा बसू नये म्हणून दादरच्या फूलबाजाराजवळून पानांचे द्रोण आणले, चंदेरी कागद नसलेले, त्यात पेलेट गुंडाळून टांगले, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, मक्याची सालं. फोडून, फाडून, शोधून खाणं हे त्याचं खरं काम आहे.

घरात जे बदलावं लागलं

नॉनस्टिक तवा घराबाहेर गेला, आजींचा लोखंडी तवा परत आला. नॉनस्टिक जास्त तापला की त्यातून निघणारा वायू माणसाला कळतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत जातो, एवढ्याशा घरात तर लांब पळायलाही जागा नाही. कॉइल, मच्छरचं लिक्विड, धूप, रूम फ्रेशनर बंद, पिंजऱ्याला मच्छरदाणी. पिंजऱ्याचं दार उघडायच्या आधी पंखा बंद, खिडक्यांना जाळी. गॅलरीत सकाळचं ऊन दिलं तरी कोणीतरी शेजारी बसायचं, लालबाग-परळच्या घारी आणि कावळे पिंजऱ्यावर झडप घालतात. काचेमागून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, हवी ती किरणं काच अडवते.

आणि मग गणपती. लालबागमध्ये ते दहा दिवस रस्ता रात्रंदिवस जागा असतो, ढोल-ताशे, स्पीकर, फटाके. शिवाय घरी दीड दिवसाचा गणपती, म्हणजे धूप-कापूर. आजींना फार वाईट वाटलं, सणाला घरातलं पाखरू बाहेर काढायचं का? पण मुलाने स्वतःहून ठरवलं की किवी सुनेच्या माहेरी विरारला जाईल, आणि तो लोकलच्या गर्दीत न नेता सकाळी लवकर गाडीने नेला. सोबत काटा, काडी, त्याच्याच वाट्या. तिथे पहिले काही दिवस त्याने "ये" ला ओळखच दाखवली नाही. माहेरच्यांना वाटलं विसरला. जागा बदलली की शिकलेलं पोपटाला आपोआप तिथे लागू करता येत नाही, परत काडीपासून सुरू करायचं, फक्त या वेळी ते फार लवकर होतं. वजन पूर्ण वेळ 70 च्या आसपास टिकून राहिलं, आणि मला त्याचंच जास्त समाधान होतं.

आत्ता कुठे आहे

दिवाळीनंतरच्या तपासणीत लिव्हरचे आकडे बरेच सुधारले, चोचीचे पापुद्रे कमी झाले, छातीवर स्नायू जाणवतो. आधी कोणीतरी पंख कापलेले होते, ती पिसं झडून नवीन यायला लागलीयत, घरच्यांनी परत न कापायचं ठरवलंय, म्हणून बोलावल्यावर उडत हातावर येणं हे पुढचं शिकवणं. दिवसाचं खाणं बहुतेक पेलेट आणि भाजी-मोड, बिया बटव्यात. मुलाला अजून चावतो, तेही फक्त हेल्मेट हातात असेल तर, त्यामुळे हेल्मेट लांब टेबलावर ठेवून रोज थोडं थोडं जवळ आणणं चालू आहे. आजींना त्याने विठ्ठल विठ्ठल म्हणावं असं फार वाटतं, या जातीचे पक्षी फारसे बोलत नाहीत हे त्यांना सांगितलंय, तरी त्या रोज सकाळी म्हणतात आणि तो मान वाकडी करून ऐकतो, त्याचंही काही नुकसान नाही.

सध्या आम्ही कॅरिअरवर, म्हणजे पक्षी बाहेर न्यायच्या छोट्या पिंजऱ्यावर काम करतोय. वजनाच्या डब्यात तो आपण होऊन जायचाच, तेच पुढे नेऊन कॅरिअरच्या दारात काडी, मग आत, मग दार क्षणभर बंद, मग उचलून जिन्यापर्यंत. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना टॉवेल लागू नये एवढं साधायचंय, आणि मे महिन्यात हे सगळे गावाला जाणार आहेत त्याच्या आधी नात ते करून दाखवणार म्हणते.